मधला पत्रा

पॅनेल कितीही झाडून-पुसून गिऱ्हाइकाकडे पाठवा, वर्षभरानं उघडलं की तळाशी दोन-चार वॉशर, एखादा नट आणि वायरीचे तुकडे सापडतातच. कुणी टाकले, कधी पडले, विचारायची सोय नाही. आमच्या वर्कशॉपच्या किश्श्यांचंही तेच झालंय. जुने दोघं-तिघं चहाला बसलो की कुणीतरी तळ खरवडतो आणि एकेक बाहेर पडायला लागतं.

वर्कशॉप जळगावच्या एमआयडीसीत. काळ ऐंशीचं दशक सरत आल्याचा. आम्ही इलेक्ट्रिकची पॅनेलं बनवायचो. ज्यांनी कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, पॅनेल म्हणजे लोखंडी पत्र्याचं उभं कपाट. आत तांब्या-ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या असतात, त्यांना बसबार म्हणतात. कारखान्याची सगळी वीज आधी या पट्ट्यांवर येते आणि तिथून एकेका स्विचमधून एकेका मोटारीकडे जाते. एक स्विच बंद केला तर एक मोटार थांबते, पण पट्ट्या जिवंतच असतात. हे शेवटचं वाक्य आम्ही उठताबसता घोकायचो, कारण आमच्याकडे नाना होते!

नाना असोद्याचे. घरी केळी, कपाशी, सगळं व्यवस्थित, आणि तरी वायरमनकीची हौस. हात असा की त्यांनी बांधलेली वायरिंग उलगडायला मन व्हायचं नाही. पण गडी चालू लाइनवर काम करायचा. डावा हात पँटच्या खिशात आणि उजवा पॅनेलमध्ये. त्यांचं शास्त्र असं, की करंट एका हातातून शिरतो आणि दुसऱ्यातून निघतो. दुसरा हात खिशात असला की त्याला निघायला वाट नाही, म्हणून तो शिरतच नाही. हे अर्धं खरं होतं. अर्ध्या खऱ्यावर नानांनी निम्मं आयुष्य काढलं होतं, आणि उजव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं करून घेतलं होतं.

मी टेस्टिंग बघायचो आणि साइटवर नानांच्या बरोबर जायचो. नाना मला नावानं नाही, 'डिप्लोमा' म्हणूनच हाक मारत. सकाळी त्यांना घ्यायला गाडी असोद्याला गेली की काकू ओट्यावर येऊन डबा माझ्या हातात द्यायच्या, नवऱ्याच्या नाही, आणि दर वेळी एवढंच म्हणायच्या, "भाऊ, याहीले संगं घेऊनच येजा."

मी हो म्हणायचो. संध्याकाळी नाना परत ओट्यावर चढले की मगच घरी जायचो.

*

मधला पत्रा आमच्याकडे आला तो एका पाइप कारखान्याच्या ऑर्डरमुळे. त्यांचा कन्सल्टंट पुण्याचा. त्यानं ड्रॉइंग पाठवलं त्यात कपाटाच्या आत कप्पेच कप्पे. बसबारचा कप्पा वेगळा, प्रत्येक स्विचचा वेगळा, केबल चढायची बोळ वेगळी, आणि सगळ्यांच्या मध्ये पत्रे. त्याआधी आमच्या पॅनेलमध्ये सगळं एकाच घरात नांदायचं. दार उघडलं की पट्ट्या समोर!

आमचे मालक, त्यांना आम्ही साहेब म्हणायचो, एकदम खूश. त्यांनी सगळ्यांना गोळा करून समजावलं. घरात आपण चूल वेगळी ठेवतो, गोठा वेगळा ठेवतो, निजायची खोली वेगळी. का? तर गोठ्यात पेट घेतला तर निजलेल्या माणसापर्यंत आग येऊ नये. तसंच हे. एका स्विचमध्ये भडका उडाला तर तिथंच विझावा, आणि एका कप्प्यात काम करणाऱ्याचा हात शेजारच्या जिवंत पट्टीला लागू नये.

हे शेवटचं बोलताना साहेब छताकडे बघत होते. बाकी सगळे नानांकडे बघत होते.

नानांनी ड्रॉइंग हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, घरात इतल्या भिंती घातल्या तं मी हात कोठून घालू?"

साहेब म्हणाले, "घालूच नका, नाना. त्यासाठीच आहेत."

नानांना हा अपमान वाटला. त्या दिवसापासून मधला पत्रा आणि नाना यांचं वैर सुरू झालं.

*

पत्रे वाकवायचं, भोकं पाडायचं, वेल्डिंगचं काम रशीदभाईंचं. शरीरानं काडी, बोलणं मोजकं, आणि पत्र्याची कड अशी काढणार की हात फिरवला तरी ओरखडा नाही. नाना आणि ते एकाच वर्षी कामाला लागलेले. डबा एकत्र खायचा आणि भांडायचंही एकत्रच.

आता या नव्या पॅनेलची एक परीक्षा असते. झाकण-पत्र्यांच्या फटींतून माणसाचं बोट आत जाऊन जिवंत भागाला लागता कामा नये. त्यासाठी धातूचं एक सांध्यांचं बोट मिळतं, ते प्रत्येक फटीत घालून बघायचं. आमच्याकडे ते कुठलं? मागवलं होतं, आलं नव्हतं. आम्ही आपले वर्कशॉपमधलं सगळ्यात बारीक बोट वापरायचो, म्हणजे रशीदभाईंचं! पॅनेल तयार झालं, लाइन नसली, की रशीदभाई येऊन सगळ्या फटींत करंगळी घालून बघणार. गेलं तर पत्रा परत मोडायचा. हळूहळू या परीक्षेचं नावच 'रशीदभाई' पडलं. "याचं रशीदभाई झालं का?" असं आम्ही बिनदिक्कत विचारायचो.

कन्सल्टंटचा माणूस तपासणीला आला. कडक इस्त्री, गळ्यात टाय, आणि तोही जळगावच्या मे महिन्यात. त्यानं टेस्ट फिंगर मागितलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी रशीदभाईंकडे पाहिलं. रशीदभाई हात पुसत पुढे आले आणि बोट दाखवलं.

पाहुण्यानं विचारलं, याचं कॅलिब्रेशन कुठं आहे?

रशीदभाई म्हणाले, "साहब, ये पैदाइशी कॅलिब्रेटेड है."

तो माणूस हसला हे आमचं नशीब. पुण्याला परत गेल्यावर त्यानं स्वतःच्या ऑफिसातलं धातूचं बोट पाठवून दिलं. ते आल्यावर आम्ही पहिल्यांदा रशीदभाईंच्या बोटाशी लावून पाहिलं. रशीदभाईंचं जरा बारीकच निघालं. म्हणजे तोवरची सगळी पॅनेलं पास! साहेबांनी त्या दिवशी सगळ्यांना जिलबी आणली, आणि इतका सुस्कारा टाकला की टेबलावरचं ड्रॉइंग हललं.

*

गिऱ्हाइकांना पत्रे पटायला वेळ लागला. पॅनेल पोचलं की ते दार उघडायचे, आत कप्पे बघायचे, बोटानं ठोकून बघायचे आणि आम्ही डबा रिकामा पाठवला असा चेहरा करायचे.

बोदवडच्या एका जिनिंगवाल्यानं, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या मालकानं, मात्र कधी तक्रार केली नाही. आम्ही सहा-आठ महिन्यांनी तिथं सर्व्हिसिंगला गेलो. केबलच्या बोळीचं दार उघडलं, तर आत खिळ्याला अडकवलेला सदरा, खाली चपला, एका कोपऱ्यात आरसा-कंगवा आणि वर मारुतीची तसबीर! शेजारून केबली आपल्या गुपचूप वर गेलेल्या. तिथल्या वॉचमननं बोळीचं कपाट केलं होतं.

मी त्याच्यावर चांगलाच भडकलो. वीज काय असते, जीव कसा जातो, सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, वायरी त्याहीच्या जागी, मी माह्या जागी. आमचं काही भांडन नई."

तत्त्व म्हणाल तर अगदी बरोबर. साहेबांनी वर्कशॉपमध्ये सगळ्यांना समजावलं होतं ते हेच. त्याचा सदरा बाहेर काढून दाराला कुलूप घातलं, किल्ली मालकाला दिली, आणि तो जिवंत भेटला याबद्दल मारुतीला नमस्कार केला. तसबीर तेवढी नानांनी बाहेरच्या भिंतीवर नीट लावून दिली.

*

रावेरचा किस्सा उंदराचा आहे. तिथं एक बर्फाचा कारखाना होता. रोडच्या पलीकडे केळीचं पॅकिंग चालायचं, त्यामुळे वाळली पानं, पेंढा आणि त्याच्यातले उंदीर, सगळं रोड ओलांडून यायचं. जुन्या पॅनेलमध्ये एकदा उंदीर शिरला होता तेव्हा पट्ट्यांवर आडवा झाला, मोठा भडका उडाला, कारखाना बंद पडला आणि सगळा बर्फ वितळून ओढ्याला मिळाला.

मग त्यांनी आमचं कप्प्यांचं पॅनेल घेतलं. उन्हाळ्यात फोन आला, पुन्हा उंदीर. आम्ही देवाचं नाव घेत निघालो. नाना वाटेत म्हणत होते, बघ आता, तुझ्या पत्र्यांनी काय दिवे लावले ते.

पोचलो तर कारखाना सुरू! फक्त एका पंपाचा स्विच गेलेला. त्याच्या कप्प्याचं दार उघडलं, आत धूर, काजळी आणि उंदीर. शेजारचे कप्पे धुतल्या तांदळासारखे. बसबार तर जणू काही झालंच नाही. मालक हात जोडून उभा होता. म्हणाला, "या टायमाले उंदीर एकटाच गेला."

मी संधी साधून नानांकडे पाहिलं. पत्र्याचा फायदा समोर दिसत होता. नानांनीही उंदराकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "उंदराले अक्कल नसते, म्हनून त्याले पत्रा लागते. मले हाये."

*

आता धुळ्याची अक्का. तिथल्या एका तेलाच्या मिलच्या मालकाची आई. सगळी मिल तिला अक्का म्हणायची आणि मालकही तिच्यापुढे आवाज चढवायचा नाही. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची, यंत्रांची पूजा असते. अक्का दर वर्षी पॅनेलची पूजा करायची. पण ती बाहेरच्या पत्र्याला हळदकुंकू लावून भागवणारी बाई नव्हती. तिचं म्हणणं, देवी आत आहे. मेन स्विच बंद करून घ्यायची, दार उघडायला लावायची आणि थेट पट्ट्यांवर झेंडूचं फूल ठेवायची. फूल काढल्याशिवाय मेन चालू करायचा नाही, एवढं भान ठेवून होती म्हणून ठीक.

आम्ही नवं पॅनेल बसवलं आणि खंडेनवमी आली. आम्हालाही बोलावणं होतं. अक्का ताट घेऊन आली, दार उघडलं, आणि पट्ट्यांच्या जागी बोल्ट मारलेला सपाट पत्रा! ती माझ्याकडे वळली. "देवीना तोंडवर हाऊ पत्रा कसाले लाया रे भाऊ?"

मी सुरक्षितता वगैरे सुरू केलं. मालकानं मला डोळ्यांनी गप्प केलं. नाना मात्र खुलले. पत्र्याविरुद्ध एवढा वजनदार पक्ष त्यांना कधी मिळाला नव्हता. त्यांनी पानासुद्धा काढला खिशातून. पण नशीब, साहेबही आले होते. त्यांनी अक्काला वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, गाभाऱ्यात कुणी शिरत नाही अक्का, दर्शन उंबऱ्याबाहेरूनच घेतात.

अक्काला पटलं. पण दर्शन तर हवं! मग आम्ही लोखंडी पत्रा काढून त्या जागी जाड पारदर्शक ॲक्रिलिकचा बसवून दिला. पुढच्या नवमीला अक्कानं बाहेरून निरखून पाहिलं, ॲक्रिलिकवर कुंकू लावलं आणि समाधानानं म्हणाली, "आते दिखस. पन हात नही लागस."

त्यानंतर धुळ्याकडच्या दोन-तीन गिऱ्हाइकांनी स्वतःहून विचारलं, अक्कासारखं दर्शनाचं पॅनेल करता का? इलेक्ट्रिकल इन्स्पेक्टरनं कौतुक केलं ते वेगळंच. कुणाच्या भक्तीतून कुणाचा जीव वाचेल सांगता येत नाही. जीव वाचला म्हणजे झालं.

*

थंडीत नाना आम्हा सगळ्यांना शेतात भरीत खायला बोलवायचे. दुपारची वेळ, कपाशीच्या वाळल्या काट्यांवर भाजलेली हिरवी वांगी, लाकडी बडगीत ठेचलेलं भरीत, कांद्याची पात आणि कळण्याची भाकरी. काकूंच्या हाताची चव सांगायला नको. त्या वाढताना मला जरा जास्तच वाढायच्या. मी नानांना परत आणतो त्याचं ते बक्षीस होतं असं मला वाटायचं.

जेवण झाल्यावर साहेब हात धुवायला पाण्याच्या हौदाकडे गेले आणि तिथंच थांबले. हौदावर झाकण होतं. करड्या रंगाचा पत्रा, चारी कडा दुमडलेल्या, कोपऱ्यांत बोल्टची भोकं.

साहेबांनी शेजारी पाहिलं. खुराड्याला तसंच दार. पंपाच्या खोलीच्या खिडकीला तसंच छप्पर!

सगळ्यांना एकदमच कळलं. आम्ही बसवलेल्या बऱ्याच पॅनेलांतून नानांनी नंतर, माझी पाठ वळली की, मधला पत्रा काढला होता. हात जायला अडचण होते म्हणून. आणि पत्रा चांगला, टाकून कसा द्यायचा, म्हणून भंगाराच्या नावाखाली घरी आणला होता.

साहेबांचा चेहरा उतरला. ते नानांना एवढंच म्हणाले, की कोंबड्यांचा जीव तुम्हाला तुमच्यापेक्षा मोलाचा वाटतो का? नाना काट्या सारत बसले. काकू चुलीपाशीच थांबल्या. त्यांना काय समजलं, किती समजलं, कोण जाणे.

दुसऱ्या दिवसापासून साहेबांनी मला सगळ्या साइटवर पिटाळलं आणि एकेक पत्रा परत बसवून घेतला.  रशीदभाईंनी तिथं शेतात फक्त हौदावरचा पत्रा उचलून बघितला होता, बोल्टची भोकं अंगठ्यानं चाचपली होती आणि परत ठेवला होता.

*

आणि आता हा एक.

कापसाचा हंगाम. धुळे रोडच्या एका जिनिंगमध्ये आमचं नवंकोरं पॅनेल बसलेलं. बाहेर बैलगाड्या, ट्रॅक्टर, कापसाचे ढीग, आणि अशा दिवसांत जिनिंग बंद करायला सांगणं म्हणजे लग्नात मांडव काढायला सांगणं. एका मोटारीचा स्विच तापत होता. मी म्हटलं, मेन बंद करा. मालक म्हणाला, संध्याकाळी. मी म्हटलं, मग आम्ही संध्याकाळी हात लावू. आमची ही वादावादी ऑफिसात चालली होती, तोवर नाना पॅनेलपाशी पोचले होते.

मी धावत आलो तेव्हा त्यांनी त्या एका मोटारीचा स्विच बंद करून कप्पा उघडला होता. डावा हात खिशात. आणि तोंडानं रशीदभाईंचा उद्धार चालला होता. त्या पॅनेलचे बसबार खालच्या अंगाला होते. कप्पा आणि बसबार यांच्यामधल्या पत्र्याचे सगळे बोल्ट नानांनी काढून खिशात टाकले होते, पण पत्रा काही सुटत नव्हता. ओढला, ठोकला, पेचकसानं उचकटला. एका बाजूनं हलायचा, पण मागच्या कोपऱ्यात कुठंतरी धरून बसलेला. पलीकडे सगळ्या जिनिंगची वीज.

मी म्हटलं, नाना, हात बाहेर काढा. मोठ्यानं नाही बोललो, दचकले असते तर? ते म्हणाले, राहू दे तो पत्रा, तसाच करतो. आणि पाना आत घातला.

कापसाची रुई सगळीकडे उडत होती. नानांना शिंक आली.

पाना सुटला. तो खाली जाताना मला दिसला. मी डोळे मिटले. खरं सांगतो, काकूंचा ओटा डोळ्यांसमोर आला.

टण्ण.

बस, एवढाच आवाज. डोळे उघडले तर पाना पत्र्यावर पडलेला, पत्रा एका कोपऱ्यावर लोंबकळत थरथरत होता आणि जिनिंग धडधडत चालू होती. नानांचा हात अजून आतच होता. तो मी धरून बाहेर काढला. त्यांचा डावा हात खिशातून कधी निघाला होता कोण जाणे, तो पॅनेलच्या चौकटीवर होता.

नाना बाहेर येऊन कापसाच्या ढिगावर बसले. मालकानं आमच्याकडे पाहिलं आणि स्वतः जाऊन मेन बंद केला.  मी बॅटरी मारून आत बघितलं. मागच्या कोपऱ्यात, बोल्ट नसतो तिथं, बाहेरून दिसणार नाही असा वेल्डिंगचा टाका होता. ड्रॉइंगमध्ये तो नव्हता.

मला हसू यायला लागलं, मग रडू आलं, मग दोन्ही. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. खिशातले बोल्ट मागितले, पत्रा सगळ्या बोल्टांनी आवळून बसवला, स्विच बदलला. परतीच्या वाटेवर पारोळा गेलं, एरंडोल गेलं, नाना मांडीवरचा पाना चाचपत बसले होते.

वर्कशॉपला पोचलो तेव्हा रशीदभाई पत्रा वाकवत होते. नाना थेट त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. रशीदभाईंनी मान वर केली, नानांचा चेहरा बघितला, माझा बघितला, आणि हातातलं काम खाली ठेवलं.

नाना म्हणाले, "रशीद, एकच टाका मारेल व्हता तू. पुढच्या वक्ती दोन मारजो."